पोरगी मार पचवते

“ताई, पोरगी मार पचवते बरं का तुमची,” सर म्हणाले, आणि मी चक्क खूश झाले.

मागच्या महिन्यातली गोष्ट. लेकीचा बॉक्सिंगचा क्लास एका मंगल कार्यालयामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरतो. त्यामुळे लग्नसराईत तिथे एक भलताच वास कोंडलेला असतो. घामेजलेल्या ग्लोव्ह्जचा, रबरी मॅटचा आणि त्यात भिंतीपलीकडून येणाऱ्या मसालेभाताचा. त्या शनिवारीही पलीकडे सनईची कॅसेट लागली होती (कॅसेट कसली, मोबाईलच असणार, पण तोंडात शब्द तोच येतो) आणि इकडे माझी तेरा वर्षांची मुलगी हेडगार्ड बांधून, तोंडात माउथगार्ड कोंबून, तिच्याहून वीतभर उंच मुलीसमोर उभी होती. दुसऱ्या राउंडमध्ये त्या मुलीचा उजवा हात सरळ हिच्या तोंडावर बसला. धुण्याच्या दगडावर ओला टॉवेल आपटावा तसा आवाज झाला. हिचं डोकं मागे गेलं, परत जागेवर आलं, आणि ही एक पाऊल पुढे सरकली. पुन्हा बसला. पुन्हा ही पुढे. तिसऱ्या वेळी ती उंच मुलगीच जरा गोंधळली, मारू की नको अशी, आणि तेवढ्यात शिट्टी झाली. बाकड्यावर बसलेल्या आयांपैकी एकीने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी उगाच पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. माझ्या चेहऱ्यावर हसू येत होतं आणि ते कुणाला दिसायला नको होतं.

सर सैन्यातून निवृत्त झालेले. बोलतात कमी, कौतुक तर त्याहून कमी. म्हणाले, “जॅब मी शिकवीन, पाय कसे टाकायचे ते शिकवीन. पण हे शिकवून येत नाही. हे आतून असावं लागतं.” स्कूटरवरून घरी येताना आरशात मला तिचा सुजत चाललेला खालचा ओठ दिसत होता. सिग्नलला थांबल्यावर विचारलं, दुखतंय का गं? “नाही,” ती म्हणाली, आणि त्या “नाही”तही एक ऐट होती. घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं साग्रसंगीत सांगितलं, सरांच्या आवाजाची नक्कल करून. आई आठ दिवसांसाठी आली होती. ती डायनिंग टेबलाशी मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “आजीवर गेलीय. सोशीक.”

तो शब्द पायमोज्यात कुसळ अडकावं तसा अडकला.

रात्री झोप येईना तेव्हा मी मोबाईलवर मार पचवणाऱ्या बॉक्सरांबद्दल वाचत बसले. अली-फ्रेझर वगैरे माहिती होते, दूरदर्शनवर पाहिलेले. पण वाचत वाचत मागे जाता जाता एका माणसापाशी थांबले, आणि मग पुढचे दोन-तीन आठवडे त्याच्यातच अडकून पडले. बॅटलिंग नेल्सन. कोपनहेगनला १८८२ साली जन्मलेला, लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेला, शिकागोच्या कडेला हेगविश नावाच्या वस्तीत वाढलेला. लाइटवेट, म्हणजे साठ-एकसष्ट किलोंचा. आपल्या शेजारच्या इमारतीतल्या एखाद्या सडपातळ बँक कारकुनाएवढं वजन. त्याला लोक ‘ड्युरेबल डेन’ म्हणायचे. टिकाऊ डॅनिश माणूस. मराठीत टिकाऊ आपण माणसाला म्हणत नाही. सतरंजी टिकाऊ असते, चपलेचा तळ टिकाऊ असतो, लग्नात आलेला डबा टिकाऊ असतो. माणसाला आपण काटक म्हणतो, चिवट म्हणतो, आणि बाईमाणूस असेल तर सोशीक. पण अमेरिकेतल्या त्या वर्तमानपत्रवाल्यांनी सतरंजीचाच शब्द निवडला, आणि मला वाटतं त्यांना नेमकं तेच म्हणायचं होतं.

१९०२ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी, अर्कान्सासमधल्या हॉट स्प्रिंग्ज गावी, नेल्सन ख्रिस्टी विल्यम्स नावाच्या बॉक्सरशी लढला. सतरा राउंड चाललेल्या त्या लढतीत विल्यम्स बेचाळीस वेळा खाली पडला आणि नेल्सन सात वेळा. एकोणपन्नास वेळा कुणीतरी जमिनीवर. मी ते आकडे दोनदा वाचले, मग नवऱ्याला उठवून सांगितले. तो म्हणाला, “झोप आता.” नेल्सनची पद्धत अशी की तो चुकवायचाच नाही. डोकं खाली घालून आत घुसायचा, समोरच्याच्या छातीला कपाळ लावल्यासारखा, आणि जवळून बरगड्यांखाली, यकृतावर डावा हात घालत राहायचा. आत घुसेपर्यंत जे काही तोंडावर पडेल ते पडेल. त्याला दोन द्यायला चार घ्यायला लागले तरी तो सौदा त्याला फायद्याचा वाटायचा, कारण चार घेतल्यावरही तो तिथेच उभा असणार होता आणि दोन घेतल्यावर समोरचा असेलच असं नव्हतं.

नेल्सनचं सगळ्यात गाजलेलं युद्ध मात्र त्याने हरलेलं आहे. नेवाडाच्या वाळवंटात गोल्डफील्ड नावाचं, सोनं सापडल्यामुळे एकाएकी उगवलेलं गाव. आपल्या गावाचं नाव व्हावं म्हणून टेक्स रिकर्ड नावाच्या दारूगुत्तेवाल्याने तीस हजार डॉलरचं बक्षीस लावलं आणि तेवढी सोन्याची नाणी काचेआड मांडून ठेवली. ३ सप्टेंबर १९०६. समोर जगज्जेता जो गान्स, अमेरिकेत जन्मलेला पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता. लढत ठरावीक राउंडांची नव्हतीच, एकजण संपेपर्यंत होती. नेल्सनच्या मॅनेजरने अट घातली की गान्सचं वजन अंगावरच्या लढतीच्या कपड्याबुटांसकट एकशे तेहतीस पौंडांच्या आत भरलं पाहिजे, आणि तेही त्याच दिवशी. त्यासाठी गान्सला अंगातलं पाणी सुकवत सुकवत रिंगणात यावं लागलं. पैशाची वाटणीही बघा. जगज्जेत्या गान्सला अकरा हजार, आणि आव्हान देणाऱ्या गोऱ्या नेल्सनला त्याहून कितीतरी जास्त. गान्सला पैशांची निकड होती, तो कबूल झाला.

त्या लढतीची चित्रफीत शिल्लक आहे. करडी, थरथरती, आवाज नसलेली. भर उन्हात उघड्यावरचं रिंगण, आजूबाजूला टोप्याच टोप्या. मी ती बघताना सारखी गान्सकडे बघत होते, कारण डोळा आपोआप देखण्या गोष्टीकडे जातो. गान्स सरळ उभा असतो, हात जिथे असायला हवा तिथेच असतो, मान जेवढी हलवायची तेवढीच हलवतो. नेल्सन नुसता येत राहतो. गर्दीच्या लोकलमध्ये शिरणारा माणूस येतो तसा, खांदा पुढे घालून. गान्स मारतो, तो येतो. गान्स बाजूला होतो, तो वळून येतो. तेहतिसाव्या राउंडमध्ये गान्सचा हात मोडला, म्हणजे ज्याच्यावर मारत होता ते मोडायच्या आधी मारणाऱ्याचं हाड मोडलं, आणि तरी पुढे नऊ राउंड चालले. बेचाळिसाव्या राउंडमध्ये नेल्सनने कमरेखाली मारलं आणि पंचाने गान्सला विजयी ठरवलं. जवळजवळ पावणेतीन तास. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा तेवढी चालते तेव्हा शेवटी निम्मे लोक झोपलेले असतात.

लोक नेल्सनच्या त्या हरण्याचंही कौतुक करत राहिले. गान्सचं डोकं, त्याचा अंदाज, त्याची ती जेवढ्यास तेवढी हालचाल जाणकारांना कळत असेल. पण गोष्ट सांगायची तर ती बेचाळीस राउंड मार खाऊनही उभ्या राहिलेल्याची. मला हे खटकलं, आणि खटकल्यावर लक्षात आलं की मीही तेच केलं होतं. शेडमध्ये त्या दिवशी समोरच्या मुलीने दोन सुंदर, सरळ ठोसे मारले होते. घरी येऊन मी त्यांच्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते.

यात आपल्या भाषेचाही हात आहे असं मला वाटतं. बॉक्सिंगमध्ये ठोसा येताना खांदा किंचित वळवून, मान बाजूला काढून जे करतात, त्याला नेमका मराठी शब्द आहे: अंग चोरणं. पण अंगचोर ही शिवी आहे. चुकवणं म्हणावं तर चुकार, कामचुकार. टाळणं म्हणावं तर टाळाटाळ. मार न खाण्याच्या एवढ्या मोठ्या कलेला आपल्याकडे एकही बरा शब्द नाही, सगळ्यांना आळशीपणाचा नाहीतर भित्रेपणाचा वास. आणि मार खाण्याला बघा: सोसणं, झेलणं, पचवणं, रिचवणं, अंगावर घेणं, पुरून उरणं. ही काय यादी आहे! एखाद्या पोरीने लहानपणापासून ही भाषा ऐकली तर ती ठोसा आल्यावर बाजूला कशाला होईल?

आजी, म्हणजे माझ्या आईची आई, कऱ्हाडकडच्या एका गावात मोठ्या घरात नांदली. तिच्या सोशीकपणाची एक गोष्ट आमच्या घरात लग्न, बारसं, डोहाळजेवण, प्रत्येक कार्यात सांगितली जाते. आता सांगणारी पिढी तिसरी आहे आणि गोष्टीला छान घोटीव आकार आलेला आहे. बेंदराचा दिवस. घरात गडी धरून वीस-बावीस माणसं पुरणपोळीला. आजी चुलीसाठी शेणी काढायला परड्यात गेली आणि ढिगात हात घातल्याबरोबर विंचू चावला. आजीने काय केलं? शेणी उचलल्या, आत आली आणि शेवटच्या माणसाचं पान उठेपर्यंत पोळ्या लाटत बसली. मग मागच्या दारी जाऊन पडली. सांगणारा मामा इथे थांबतो, सगळ्यांकडे बघतो आणि म्हणतो, “विंचूच मेला म्हणे!” आणि हशा. मी शंभरदा हसले असेन यावर.

आजीला ही गोष्ट सांगताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी कॉलेजात असताना एकदा उन्हाळ्यात तिच्याकडे राहिले होते. दुपारी सोप्यात ती तांदूळ निवडत बसली होती, मी शेजारी लोळत पडले होते. सहज विचारलं, “आजी, तो विंचू चावला तेव्हा तू खरंच कुणाला काही बोलली नाहीस?” तिने सुपातला एक खडा अंगठ्याने कडेला सारला. “न बोलाय काय झालं? सांगितलं की. थोरल्या जावंला सांगितलं, हात बधिर पडलाय, काखंपतुर कळ जातीय. ती म्हणली, तुला काय हुतंय, तू खमकी हाईस.” मग थोडा वेळ नुसता सुपाचा आवाज. “मला वाटलं हुतं, कुणीतरी लाटणं घील.”

एवढंच. नंतर ती म्हणाली, जा, माठातलं पाणी आण.

मी ती गोष्ट कुणाला सांगितली नाही. का नाही सांगितली हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मामाची मजा जाईल म्हणून, की आजीची? कारण आजीलाही, मला खात्री आहे, त्या हशाच्या वेळी बरं वाटायचं. ती पदर तोंडाला लावायची, पण उठून जायची नाही. अख्ख्या आयुष्यात तिच्या नावावर जमा झालेलं कौतुक तेवढंच होतं आणि ते त्या विंचवाने मिळवून दिलं होतं.

नेल्सनकडे पुन्हा येते. गान्सला त्याने १९०८ साली दोनदा हरवलं आणि तो जगज्जेता झाला. त्या सुमाराला गान्सला क्षयाने पोखरलं होतं, १९१० च्या ऑगस्टमध्ये तो गेला. त्याच वर्षी, २२ फेब्रुवारीला, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठच्या पॉइंट रिचमंडला नेल्सनसमोर अॅड वोलगास्ट नावाचा मिशिगनचा पोरगा उभा राहिला. नुकताच बाविशीत आलेला. नेल्सन सत्तावीस वर्षांचा, पण कसले सत्तावीस! लढत पंचेचाळीस राउंडांची ठरलेली. वोलगास्टही नेल्सनच्याच जातकुळीचा, अंगावर घेत घेत पुढे येणारा. त्यामुळे ही लढत म्हणजे दोन सोशीक माणसांची गाठ. बाविसाव्या राउंडमध्ये नेल्सनने त्याला पाडलं, सगळ्यांना वाटलं झालं आता, पण तो उठला. आणि तिथून पुढे नेल्सनचा चेहरा राउंडगणिक सुजत गेला. डोळे मिटत मिटत बंद झाले. शेवटी शेवटी समोरचा कुठे उभा आहे तेही त्याला दिसत नव्हतं. चाळिसाव्या राउंडमध्ये पंचाने लढत थांबवली. नेल्सन पंचावर चिडला. आंधळा झालेला, उभ्या उभ्या झुलणारा तो माणूस आपल्याला अजून लढायचंय म्हणून वाद घालत होता.

मी या जागी वाचायची थांबले. उठून पाणी प्यायले. मुलीच्या खोलीत डोकावले तर ती पालथी झोपली होती, एक पाय पलंगाबाहेर.

त्या पंचाच्या जागी कुणीही असतं तरी उशीरच केला असता, असं मला वाटतं. पडणाऱ्या माणसाला थांबवणं सोपं असतं, तो स्वतःच सांगत असतो. उभ्या माणसाला कधी थांबवायचं? त्याची ख्यातीच अशी की अजून तो संपलेला नाही. पंच म्हणणार नेल्सन आहे, कोपऱ्यातले लोक म्हणणार नेल्सन आहे, तिकीट काढून आलेले म्हणणार, अहो, नेल्सन आहे! तुला काय हुतंय, तू खमकी हाईस.

माझा सगळ्यात थोरला मामा चार वर्षं कोल्हापूरच्या तालमीत होता. त्याचे दोन्ही कान तांबड्या मातीत घासून घासून सुक्या अंजिरासारखे झाले होते, आणि लहानपणी आम्ही ते बोटाने दाबून बघायचो. खासबाग मैदानातल्या कुस्त्यांच्या गोष्टी त्याच्याकडून ऐकाव्यात. एकदा त्याने आमच्या टीव्हीवर बॉक्सिंग बघितलं. पहिल्यांदाच. बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “ही कसली रीत? आमच्यात पाठ लागली की मिटलं. हलगी वाजती, घरला जायचं. ह्यांच्यात पडला तर धा आकडं मोजून उठवत्यात, आणि उठला की परत मारत्यात.” तेव्हा आम्ही त्याला हसलो. १९१० सालीच लंडनमध्ये गामाची आणि स्टॅनिस्लॉस झिबिस्कोची कुस्ती झाली. झिबिस्को अडीच तासांहून जास्त वेळ पालथा पडून चटईला चिकटून राहिला, गामाला त्याची पाठ काही लावता आली नाही. तोही टिकलाच की. पण लोकांनी त्याची छी-थू केली, आणि आठवडाभराने फेरकुस्तीला तो आलाच नाही. म्हणजे नुसतं टिकून भागत नाही. लोकांना दिसेल असं, उभ्याने, तोंडावर घेत टिकलं पाहिजे. झिबिस्को पुढे बरीच वर्षं कुस्ती खेळला आणि ऐंशी ओलांडून, म्हातारा होऊन गेला.

नेल्सनही सत्तरी ओलांडून गेला, पण शिकागोच्या सरकारी मनोरुग्णालयात, १९५४ च्या फेब्रुवारीत. वोलगास्ट त्याच्यानंतर वर्षभराने, कॅलिफोर्नियातल्या तसल्याच एका रुग्णालयात. वोलगास्टचं तर अवघ्या तिशीतच डोकं गेलं होतं. जॅक डॉयल नावाच्या एका बॉक्सिंगवाल्याने त्याला कित्येक वर्षं आपल्या जिममध्ये सांभाळलं. तिथे तो रोज सकाळी उठून व्यायाम करायचा, दोरीवरच्या उड्या मारायचा, पिशवीवर ठोसे मारायचा, कारण त्याच्या हिशेबाने मोठी लढत उद्यावर आलेली असायची. रोज उद्यावर. कुणी त्याला खोटं ठरवायचं नाही. पॉइंट रिचमंडला त्या दिवशी कोण जिंकलं असं विचारलं तर पुस्तकात वोलगास्टचं नाव आहे.

त्या पिढीला हे कशाने होतं ते कळायचं नव्हतं. न्यू जर्सीतल्या हॅरिसन मार्टलँड नावाच्या डॉक्टरने १९२८ साली पहिल्यांदा नीट लिहून काढलं की बॉक्सरांची ही जी भेलकांडत चालण्याची, अडखळत बोलण्याची, विसरण्याची तऱ्हा असते ती दारूने नव्हे, डोक्याला बसलेल्या मारानेच येते. लोकांच्या बोलण्यात होतंच ते, अशा माणसाला ‘पंच ड्रंक’ म्हणायचे, ठोसे पिऊन झिंगलेला. मार्टलँडने तेच शीर्षक दिलं. कवटी जाड असली म्हणून काही उपयोग नसतो. मला हे कळलं ते नारळाने. देवासमोर बरेच दिवस राहिलेला नारळ असतो ना, पाणी आटून खोबऱ्याचा गोटा सुटलेला, तो कानाशी धरून हलवला की आत लुडबुड वाजतो. करवंटीला ओरखडा नसतो. त्या दिवशी स्वयंपाकघरात मी तसला एक नारळ हातात धरून बराच वेळ उभी होते. चटणी करायची होती, राहून गेली.

पुढच्या शनिवारी मी सरांना गाठलं. घाबरत घाबरतच, कारण क्लास मध्येच सोडवणाऱ्या आया त्यांनी पुष्कळ पाहिल्या असणार. म्हटलं, सर, ते मार पचवण्याबद्दल तुम्ही म्हणालात. ते थोडे हसले. “ताई, ते कौतुक तुमच्यासाठी होतं. तिला मी तसं सांगितलेलं नाही.” मग मॅटवर नजर ठेवूनच म्हणाले, “मार पचवणाऱ्या पोरांचीच मला भीती वाटते. रडकी पोरं आपोआप शिकतात.” आणि लगेच, माझ्याशी बोलणं अर्धवट टाकून, तिकडे ओरडले, “अंग चोर! अगं, अंग चोर की! डोकं कुणासाठी ठेवलंयस तिथे?” ते माझ्या लेकीलाच होतं.

मला एकदम हसू आलं. आमच्या घराण्यात कुणा पोरीला भर मैदानात, ओरडून, अंग चोर म्हणून सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते.

ते काही लगेच येत नाही. पुढचे तीन शनिवार ती खांदा वळवायला जायची आणि तोवर ठोसा येऊन गेलेला असायचा. अंग चोरण्यात भित्रेपणा आहे हे तिच्यात माझ्यामुळे आलं, आजीमुळे आलं की शाळेतून, देव जाणे. चौथ्या शनिवारी पुन्हा तीच उंच मुलगी समोर आली. पहिल्या राउंडमध्ये हिने एक ठोसा चुकवला. अगदी थोडक्यात, कानाच्या पाळीपासून बोटभर अंतरावरून तो हात हवेत गेला. कुणी काही म्हणालं नाही. टाळी वाजवण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं ना. दुसऱ्या राउंडमध्ये मात्र एक नाकावर बसला. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला बाकड्यावरून दिसलं. ती एक पाऊल मागे गेली, हात वर केला, आणि सरांकडे वळून म्हणाली, “सर, बस.” सरांनी मान हलवली, हेडगार्ड काढून दिलं, कापूस दिला. झालं. पुढची जोडी आली.

आणि माझं काय झालं? खरं सांगायचं तर माझं मन खट्टू झालं. एवढं सगळं वाचून, आजीचं ते लाटणं आठवून, नारळ हलवून बघून, ती हात वर करून बाहेर आली त्या क्षणी माझ्या पोटात काहीतरी खाली गेलं. शेजारच्या बाईने विचारलं, “लागलं का हो जास्त?” तर मी पटकन म्हणाले, “छे, एरवी ती खूप सोसते.” शब्द तोंडातून गेल्यावर जीभ चावली.

बाहेर कार्यालयाच्या फाटकाशी लिंबू सरबताची गाडी असते. ती दोन ग्लास प्यायली, नाकात कापसाचा बोळा तसाच. उन्हं कलली होती, आत कुणाच्या तरी अक्षता पडत होत्या, मंगलाष्टकांचा शेवटचा लांबलेला सूर येत होता. मला तिच्याशी काहीतरी बोलायचं होतं आणि जे बोलायचं होतं ते सुचेना, म्हणून मी तिला नेल्सनची एक गोष्ट सांगितली. १९१९ साली टोलीडो गावात, विलार्ड आणि डेम्प्सीच्या लढतीच्या वेळी अंगाची लाही लाही करणारा उन्हाळा होता. आपला नेल्सन, तेव्हा लढणं संपलेलं, एका वर्तमानपत्रासाठी म्हणून तिथे आलेला, मैदानाजवळच तंबू ठोकून राहिलेला. उकाडा सहन होईना तेव्हा या गड्याने काय केलं म्हणे, तर प्रेक्षकांसाठी पिंप भरभरून लिंबू सरबत करून ठेवलं होतं, त्यातल्या एकात उतरून मस्त आंघोळ केली.

ती एवढी हसली की नाकातला बोळा बाहेर आला. “म्हणजे त्यालाही सहन नाही झालं?”

“उकाडा नाही झाला.”

तिने रिकामा ग्लास गाडीवर ठेवला, तळाशी उरलेली साखर बोटाने काढून चाटली. “आणि मग ते सरबत?”

“बातमी फुटली. दिवसभर कुणी प्यायलंच नाही म्हणतात.”

“शी,” ती म्हणाली, आणि गाडीवाल्याच्या पातेल्यात वाकून बघितलं.